वाफ नको म्हणणारा माणूस

धायरी फाट्यावरून आत वळलं की पाचव्या गल्लीत आमचा फ्लॅट आहे. तिसरा मजला, तिघी जणी आणि एक छोटा ओटा. दिवाळीच्या सेलपासून त्या ओट्यावर एक काळं चकचकीत मशीन ठाण मांडून बसलंय. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, एस्प्रेसो आणि कॅपुचिनो मेकर. किंमत ५,४०० रुपये, म्हणजे प्रत्येकी १,८००. त्या महिन्यात मी मेसचा संध्याकाळचा डबा बंद केला होता. घरी हे माहीत नाही. म्हणजे आता कळेल. हिशेब मात्र अगदी चोख होता. कॅफेत बसून असाइनमेंट करायची तर एक कॅपुचिनो दोनशेच्या घरात जातो. घरी मशीन आलं की दोन महिन्यांत पैसे वसूल!

पहिल्या दिवशी मशीनने भरपूर आवाज केला, भरपूर वाफ सोडली आणि कपात काळं, कडू, जळकट पाणी ओतलं. वर फेसाचा टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी पावडर वाढवली. तिसऱ्या दिवशी महागातली पावडर आणली. चव तीच. मग आम्ही आधी पावडरला, मग नळाच्या पाण्याला आणि शेवटी एकमेकींना दोष दिला.

आमच्या मागच्या बाजूला, नऱ्ह्याकडे जाताना, छोट्या छोट्या वर्कशॉपची रांग आहे. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, दिवसभर खणखणाट. तिथल्या एका काकांकडे मी मशीन घेऊन गेले. त्यांनी चार स्क्रू काढले, आत डोकावले आणि सांगितलं की बिघाड काहीच नाही. आत एक छोटी टाकी आहे, तिला हीटर आहे, वर घट्ट झाकण आहे. पंप नाहीच. हा कॉफीचा कुकर आहे म्हणाले.

पंप असायला हवा होता, हेच मला माहीत नव्हतं. त्या रात्री वाचत बसले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. आमच्या जळकट कपाबद्दलची तक्रार या माणसाने १९३० च्या दशकात, मिलान शहरातल्या आपल्या काउंटरमागे उभं राहून केली होती. फरक इतकाच, की त्याने पुढचं सगळं आयुष्य त्यावर घातलं.

त्याचं नाव अकिल्ले गाज्जा. आपल्याकडे यूट्यूबवर सगळे गॅगिया म्हणतात, मीही म्हणायचे. इटालियनमध्ये तो उच्चार गाज्जा असा होतो.

गाज्जाचा जन्म १८९५ चा. तो इंजिनिअर नव्हता, कुठल्या कंपनीत संशोधक नव्हता. कॉफीच्या दुकानात काम करणारा माणूस होता. (इटलीत कॉफीच्या दुकानालाही बार म्हणतात आणि दाबाच्या एककालाही बार. गोंधळ नको म्हणून मी दुकानाला दुकानच म्हणणार आहे.) त्या काळच्या मिलानमधल्या दुकानांत काउंटरवर पितळ आणि निकेलची उभी, घुमटासारखी मशीन्स असायची. फुसफुसणारी, चमकणारी. बघायला देखणी, पण कॉफी जळकी.

ती मशीन्स आली कुठून, हे थोडक्यात. १८८४ मध्ये तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने वाफेच्या दाबावर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने त्यात सुधारणा केली. ग्राहक समोर उभा असताना त्याच्यापुरता एक कप लगेच काढून देता येईल, अशी सोय झाली. देसिदेरिओ पावोनीने बेझ्झेराकडून हक्क घेतले आणि मशीन्स बनवून विकायला सुरुवात केली. १९०६ मध्ये मिलानला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तिथे हे मशीन लोकांनी पाहिलं. गाज्जा तेव्हा शाळकरी वयाचा.

या सगळ्या यंत्रांचं तत्त्व एकच, आणि ते आपल्याला घरी रोज दिसतं. कुकर. बंद भांड्यात पाणी तापवलं की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि त्या दाबाने पाणी कॉफीच्या पावडरीतून ढकललं जातं. अडचण अशी की वाफेकडून जास्त दाब हवा असेल तर पाणी जास्त तापवावं लागतं. कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. डाळ शिजायला ते उत्तम. कॉफीला मात्र ९० ते ९६ अंश पुरतात, त्याच्या वर गेलं की ती करपते. म्हणजे दाब वाढवावा तर चव जळते आणि चव सांभाळावी तर दाब मिळत नाही. त्या जुन्या मशीन्सना जेमतेम दीड बार दाब मिळायचा. गाडीच्या टायरमध्ये याहून जास्त असतो.

आणि हो, हे मशीन तुम्ही पाहिलंय. लग्नात. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात स्टीलचं चकचकीत धूड घेऊन एक दादा उभा असतो, तो कपात इन्स्टंट कॉफी आणि साखर टाकतो, दुधात नळी बुडवतो, कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरवून आपल्या हातात कप येतो. आपल्या आई-बाबांच्या पिढीसाठी हीच एक्स्प्रेसो कॉफी. नाव घेताना मध्ये क घालायचाच. त्यात एस्प्रेसो औषधालाही नसतो, असतं ते वाफेने फेसाळलेलं दूध. पण मला ती अजूनही आवडते. तिच्याबद्दल वाईट बोलणारे कॉफीवाले लोक मला आवडत नाहीत. तिचा इथे संबंध एवढाच, की वाफ दुधासाठी किती चांगली आहे हे ती दाखवते. गाज्जाचं भांडण वाफेशी होतं, ते फक्त कॉफीपुरतं.

त्याला हवं होतं ते असं: पाणी बेताचंच गरम ठेवायचं आणि दाब दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने आणायचा.

हा दुसरा मार्ग त्याला एकट्याला सुचला नव्हता, आणि त्याच्या गोष्टीतला हा भाग ब्रँडच्या जाहिरातींत सहसा येत नाही. मिलानमध्येच क्रेमोनेझी नावाचा एक तंत्रज्ञ दट्ट्याने पाणी दाबायच्या कल्पनेवर काम करत होता. तो वारला. त्याची विधवा रोझेटा स्कोर्झा हिच्याकडे त्या कल्पनेचे हक्क होते, ते गाज्जाने विकत घेतले. पुढे त्यावर स्वतः काम केलं आणि ५ सप्टेंबर १९३८ रोजी वाफेशिवाय चालणाऱ्या कॉफी यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. व्यवहार रीतसर होता, कुणी कुणाला लुबाडलं असं मला म्हणायचं नाही. पण आज गाज्जाचं नाव जगभरच्या ओट्यांवर आहे आणि रोझेटा स्कोर्झा हे नाव शोधायला मला दोन रात्री लागल्या.

१९३८ चं ते यंत्र कसं होतं? घरी चकलीचा फिरवायचा सोऱ्या असेल तर तो डोळ्यांसमोर आणा. वरची मूठ फिरवली की आटे खाली सरकतात, दट्ट्या खाली येतो आणि पीठ जाळीतून बाहेर पडतं. पिठाच्या जागी गरम पाणी आणि जाळीच्या वर कॉफी, एवढाच बदल. हे साधन दुकानातल्या मशीनला जोडायचं. कॉफी जळेनाशी झाली. पण चकल्यांचा घाणा घालणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, सोऱ्या फिरवून फिरवून हात भरून येतात. गर्दीच्या वेळी प्रत्येक कपासाठी हे करणं जिकिरीचं होतं.

वेळही वाईट होती. मुसोलिनीच्या राजवटीत कॉफीच्या आयातीवर बंधनं आली होती. लोक भाजलेल्या बार्लीची आणि चिकोरीची कॉफी पीत होते. मग युद्ध सुरू झालं. १९४३ मध्ये मिलानवर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला. ज्या शहरात खरी कॉफी मिळत नाही, तिथे कॉफी चांगली कशी काढावी या शोधाचं काय होणार? ते काम तिथेच थांबलं. गाज्जाचं वय तेव्हा पन्नाशीकडे झुकलेलं. इथे त्याने सोडून दिलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं, नाव उरलंच नसतं.

युद्ध संपलं आणि त्याने पुन्हा सुरुवात केली. एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, की अमेरिकन सैनिकांच्या जीपच्या इंजिनातला पिस्टन बघून त्याला पुढची युक्ती सुचली. खरी असेल, नसेल. दुकानदार लोक आपल्या शोधाला एखादी जीप जोडून देतातच. नक्की आहे ते हे, की १९४७ मध्ये त्याने नवीन पेटंट घेतलं आणि त्यात आट्यांच्या जागी स्प्रिंग आणि लांब दांडा आला.

हा दांडा म्हणजे गावातला हापसा समजा, फक्त उलट्या चालीचा. दांडा खाली ओढायचा, की आतली ताकदवान स्प्रिंग आवळली जाते, दट्ट्या वर जातो आणि गरम पाणी त्याच्याखाली येऊन साठतं. मग हात हलका करायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्याला खाली रेटते आणि पाणी कॉफीतून जोरात बाहेर पडतं. दांडा आपला आपण हळूहळू वर येतो. माणसाची ताकद फक्त स्प्रिंग आवळायला लागते, दाब स्प्रिंग देते, आणि तो दर वेळी साधारण सारखाच असतो. किती? आठ ते दहा बार. आधीच्या दीड बारशी तुलना करून बघा. नऊ बार म्हणजे जवळपास नव्वद मीटर उंचीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा दाब. आमच्या बिल्डिंगसारख्या सात-आठ बिल्डिंग एकमेकींवर रचल्या तर तेवढी उंची होईल.

या एका बदलाने बऱ्याच गोष्टी बदलल्या. कप लहान झाला, कारण दट्ट्याखाली मावेल तेवढंच पाणी एका वेळी कॉफीतून जाणार. आज जगभर एस्प्रेसोचा कप दोन-तीन घोटांचा असतो, त्याचं मूळ या नळकांड्याच्या मापात आहे. कॉफी काढायला अर्धा मिनिटही लागेना. इंग्रजीत बरिस्ता लोक अजूनही शॉट ओढला म्हणतात, बटण दाबत असले तरी. आणि कपात एक अशी गोष्ट दिसली जी आधी कुणी पाहिली नव्हती. कॉफीवर सोनेरी-तपकिरी, जाडसर फेस.

हा फेस येतो कसा? कॉफी भाजताना बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड वायू अडकतो. जास्त दाबाचं पाणी त्यातून गेलं की तो पाण्यात विरघळतो, आणि कपात पडताना दाब सुटला की बारीक बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. कॉफीतली तेलं त्यात मिसळलेली असतात. सोडा बॉटल उघडल्यावर होतं तेच, फक्त जास्त दाट. म्हणूनच महिनोन्महिने उघड्या राहिलेल्या पावडरीला फेस येत नाही. वायू कधीच उडून गेलेला असतो.

ग्राहकांना हे विचित्र वाटलं असणार. आमटीवर फेस आला तर आपण तो पळीने काढून टाकतो. गाज्जाने तो काढला नाही, त्यालाच दर्जाची खूण ठरवलं. त्याने त्याला क्रेमा, म्हणजे साय म्हटलं आणि मशीनवर ठळक अक्षरांत मिरवलं, की ही कॉफी वाफेशिवाय केलेली आहे आणि हिच्यावरची साय नैसर्गिक आहे. मास कॉमच्या तिसऱ्या सेमिस्टरला आम्हाला ब्रँडिंग होतं, पण या माणसाबद्दल कुणी एक शब्द सांगितला नाही.

मशीन बनवायला कारखाना लागतो. गाज्जाकडे तो नव्हता. मिलानच्याच एर्नेस्तो व्हालेन्तेची फाएमा ही कंपनी होती, तिने ती जबाबदारी घेतली. १९४८ पासून लिव्हर मशीन्स बाजारात येऊ लागली. काही वर्षांतच दोघांचं फाटलं. कारण असं सांगतात, की गाज्जाला आपलं मशीन चांगल्या, महागड्या दुकानांत शोभेल अशी खास वस्तू वाटायचं आणि व्हालेन्तेला ते स्वस्त करून गल्लोगल्ली पोचवायचं होतं. १,८०० रुपये काढताना डबा बंद करणारी मुलगी म्हणून मी व्हालेन्तेच्या बाजूने आहे. गाज्जाने वेगळी कंपनी काढली आणि मुलगा कामिल्लो त्यात आला.

मशीन इटलीबाहेर गेलं ते थेट तरुणांच्या हातात. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवर मोका बार नावाचं दुकान सुरू झालं. तिथे गाज्जाचं मशीन होतं आणि उद्घाटनाला आली होती जिना लोलोब्रिजिदा, त्या काळची मोठी नटी. पुढच्या काही वर्षांत लंडनमध्ये अशा कॉफी बारचं पीक आलं. दारूच्या पबमध्ये जायचं वय नाही, घरी मित्र आणता येत नाहीत, खिशात पैसे कमी, अशी पोरं एका कपावर तासन्‌तास बसायला लागली. तिथेच गिटार वाजायला लागल्या. जवळच्याच एका कॉफी बारच्या तळघरात क्लिफ रिचर्ड गायचा, जो जन्माने लखनौचा. एफसी रोडला एका कॉफीवर तीन तास खुर्ची अडवून बसणाऱ्या समस्त मंडळींनी लक्षात ठेवावं, आपलं घराणं जुनं आहे.

आणि घर? महागड्या दुकानांसाठी मशीन बनवणाऱ्या याच माणसाच्या कंपनीने १९५२ मध्ये घरगुती लिव्हर मशीन काढलं. नाव गिल्डा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावणारं, हातांनी दाबायचं. ते काही सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं, पण एस्प्रेसो दुकानातून घरात आणता येतो हे त्याने दाखवलं.

१९६१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. व्हालेन्तेच्या फाएमाने नवीन मशीन आणलं. त्यात दांडा नव्हता, स्प्रिंग नव्हती. विजेवर चालणारा पंप पाण्याला नऊ बार दाब द्यायचा. त्या वर्षी इटलीत सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून मशीनला ई-६१ नाव दिलं. हात न दुखवता, कपामागून कप, सारखी कॉफी. जुन्या भागीदाराने गाज्जाचा दांडाच काढून टाकला होता. आणि त्याच वर्षी अकिल्ले गाज्जा वारला. सहासष्ट वर्षांचा असेल. त्याने ते मशीन पाहिलं का, त्यावरची कॉफी प्यायला का, याचा विचार माझ्या डोक्यात बरेच दिवस होता.

त्याच्या कंपनीनेही पुढे पंप स्वीकारला. १९७७ मध्ये बेबी गाज्जा नावाचं पंपाचं घरगुती मशीन आलं, १९९१ मध्ये क्लासिक. या क्लासिकचे नवे अवतार आजही विकले जातात आणि घरी नीट एस्प्रेसो शिकायचा असेल तर लोक पहिल्यांदा ज्या मोजक्या मशीन्सची नावं घेतात त्यांत ते असतं. कंपनी मात्र गाज्जा कुटुंबाकडे राहिली नाही. ती आधी सेको या इटालियन कंपनीकडे आणि तिच्याबरोबर २००९ मध्ये फिलिप्सकडे गेली.

आता पुन्हा आमच्या ओट्याकडे. सेलमध्ये जे स्वस्त स्टीम मशीन मिळतं, ज्याच्या बॉक्सवर साडेतीन बार वगैरे लिहिलेलं असतं आणि जे एका वेळी चार कप देतं, ते म्हणजे प्लॅस्टिकच्या अंगातलं १९०१ आहे. गाज्जाला जे नको होतं, नेमकं ते. पंपवालं मशीन याहून काही हजारांनी महाग असतं. त्यातल्या छोट्या पंपात एक दांडी विजेच्या तालावर सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, म्हणून ते मशीन घुंगुरमाशीसारखं गुणगुणतं. बॉक्सवरचे पंधरा बार ही त्या पंपाची कमाल क्षमता. कॉफीला नऊच लागतात, त्यामुळे वीस बार बघून हुरळून जाऊ नका. अजून एक. स्वस्त पंप मशीनच्या गाळणीला बऱ्याचदा दुहेरी तळ असतो आणि खालच्या तळाला एकच सुईएवढं भोक. कॉफी कशीही असो, त्या भोकातून ती फवाऱ्यासारखी निघते आणि फेस होतोच. दिसायला क्रेमा, पण आतली कॉफी शिळी असली तरी तो तुम्हाला कळू देत नाही. शिकायला, घाईच्या सकाळी चालतं. पण साधी एकेरी गाळणी बसते का, हे विकत घेतानाच विचारा. आणि एकेरी गाळणी वापरायची तर कॉफी ताजी आणि बारीक दळलेली लागते, म्हणजे ग्राइंडर आला, म्हणजे बजेट पुन्हा वाढलं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

मशीन आम्ही विकलं नाही. आमच्याच जाहिरातीला आम्हीच बळी पडलो असतो, दुसऱ्या कुणाला ते गळ्यात मारणं बरं दिसेना. पण त्याची वाफेची नळी चांगली आहे, दूध झकास फेसाळतं. मग रविवार पेठेतून स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आणला, काहीशे रुपयांचा. रात्री त्यात पावडर आणि गरम पाणी घालून ठेवायचं, सकाळी दाट डिकॉक्शन तयार. त्यावर मशीनचं दूध. एस्प्रेसो नाही, कॅपुचिनोही नाही, पण जळकट नाही. माझा संध्याकाळचा डबा परत सुरू झालाय आणि पंपवाल्या मशीनसाठी फ्रिजवरच्या डब्यात महिन्याला प्रत्येकी तीनशे पडतात.

परवा वर्कशॉपवाल्या काकांना थर्मासमधून एक कप नेऊन दिला. त्यांना गाज्जाची स्प्रिंग, दट्ट्या, नळकांडं सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. अशी स्प्रिंग बसवायची तर नळकांड्याची जाडी किती ठेवावी लागेल, याचा त्यांनी पाठीमागच्या पुठ्ठ्यावर हिशेबही करून पाहिला. मग कपातला एक घोट घेतला आणि साखर आहे का म्हणून विचारलं.